एकशे दहा ग्रॅम

काटेसाहेबांनी अर्ध्या किलोचं पितळी वजन पारड्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवून पाहिलं. तबकडीवरची सुई चारही वेळा एकाच रेघेवर येऊन बसली, तेव्हा कुठे त्यांनी रांगेतल्या पहिल्या माणसाला मानेने खूण केली.

रांग म्हणजे इमारतीतली आठ बिऱ्हाडं. सकाळचे साडेसात वाजलेले, फाटकाजवळच्या ओट्यावर वजनकाटा मांडलेला आणि प्रत्येकाच्या हातात एकसारखी हिरवी बादली. आदल्या दिवशी घरात जे शिजवलेलं अन्न वाया गेलं असेल ते या बादलीत यायचं. साली, देठं, चहाचा चोथा यांना सूट होती, त्यांच्यासाठी इमारतीमागे खड्डा केलेला होता. सहा आठवडे रोज वजन करायचं, दर रविवारी आठवड्याची बेरीज फळ्यावर लिहायची, आणि शेवटी ज्या घराची बादली सगळ्यात हलकी ठरेल त्या घराच्या क्रमांकाची पितळी पाटी फाटकावर लागणार होती. कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंची. शाळा सुटून सात वर्षं झाली तरी कोणाला तरी गुण दिल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे.

पहिल्या नंबरावर तळमजल्यावरचे शिंपी होते. साहेबांनी त्यांची बादली पारड्यात ठेवली, सुई स्थिर होऊ दिली आणि बादलीचे तीनशे दहा ग्रॅम मनातल्या मनात वजा केले.

"दोनशे साठ."

"साहेब, जरा वाऱ्याचं वजन कापा की," शिंपी म्हणाले.

"वारा तुमच्या तोंडचा आहे. तो बादलीत भरत नाही."

रांग हसली. काटेसाहेब हसले नाहीत, कारण वजन करताना हसायचं नाही हा त्यांचा चौतीस वर्षांचा नियम होता. काटेसाहेब हे त्यांचं आडनावही नव्हे. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते आणि हे नाव शिंप्यांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात बहाल केलं होतं. निवृत्त झाल्यापासूनच्या आठ वर्षांत त्यांना कोणी साहेब म्हटलं नव्हतं. दूधवाला आजोबा म्हणे, बँकेतली मुलगी सीनियर सिटिझन म्हणे. या सहा आठवड्यांनी त्यांना त्यांचा खुर्चीतला ताठ कणा परत दिला होता. ते पुन्हा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरू लागले होते.

सगळ्यांच्या बादल्या झाल्या की सर्वात शेवटी ते स्वतःची बादली पारड्यात ठेवत. तेही नियमानेच, निरीक्षकाने आपलं माप सगळ्यांच्या देखत करायचं. बादली ठेवली. सुई तीनशे दहावर आली आणि थांबली.

"आजही भोपळाच!" शिंपी ओरडले. "साहेब, तुमच्या घरी चूल पेटते ना?"

"घरात शिस्त असली की बादली रिकामी राहते," काटेसाहेब म्हणाले. आवाज साधाच ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण छाती जरा पुढे आलीच. फळ्यावर त्यांच्या घरापुढे पाच आठवड्यांची पाच शून्यं होती, आणि आता सहावा आठवडा निम्मा होत आला होता. पाटी अजून कोरायला गेली नव्हती, पण ती बसवायचे दोन स्क्रू साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात येऊन पडले होते.

लोक लगेच घरी गेले नाहीत. वजन झाल्यावर साहेबांकडून खात्यातला एखादा किस्सा ऐकायचा असा आता रिवाजच पडला होता.

"सगळ्यात पक्का चोर कोण भेटला, साहेब?"

"एक रद्दीवाला," साहेब म्हणाले. "काटा एकदम नवा. मी वजनं लावून बघतो तर सगळं बरोबर. पण गिऱ्हाइकाची रद्दी ठेवली की सुई एका जागी जायची आणि थांबायची. जराही हलायची नाही. खरी सुई कशी असते? आधी थरथरते, पुढेमागे होते, मग बसते. जी सुई थरथरत नाही ना, तिच्याखाली वाकून बघायचं. मी वाकलो. टेबलाखाली रद्दीवाल्याचा भाऊ बसलेला! गुडघ्याने पारडं तोलून धरलेलं. मी वजनं लावली की गुडघा खाली, गिऱ्हाईक आलं की वर."

"दिवसभर?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घामाघूम झाला होता. त्याला हाताला धरून बाहेर काढला, तर पाय सरळ होईनात बिचाऱ्याचे."

लोक पोट धरून हसले. साहेबांनी वजनकाट्यावर फडकं टाकलं आणि हिरवी बादली डौलात हलवत ते तिसऱ्या मजल्याचा जिना चढू लागले.

त्याच दिवशी, बुधवारी, त्यांची सून अकरा वाजताच घरी परतली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि तिथलं यंत्र बंद पडलं होतं. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या आणि पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली.

सासरे बादली ठेवून पुन्हा फाटकापाशी गप्पांना गेले होते. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. इमारतीतले सगळे त्यांना काकू म्हणत. दाराकडे त्यांची पाठ होती. डाव्या हातात कालच्या भाताचं पातेलं आणि उजव्या हातात चमचा. भातात परवाचा कोबी कालवलेला. त्या एक घास घेत, डोळे मिटत, वर पाण्याचा घोट घेत आणि पुन्हा चमचा बुडवत. शेजारीच ताजा स्वयंपाक झाकून ठेवलेला होता, झाकणाच्या कडेने वाफ येत होती.

"आई? उभ्या उभ्या काय खाताय?"

काकू दचकल्या. पातेलं पाठीमागे लपवावं असा त्यांचा हात एकदा मागे गेला, मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"अगं, एवढंसं तर आहे."

"एवढंसं? हे दोन माणसांचं आहे. ताजं का नाही घेत?"

"ताजं मी घेतलं तर हे कोण घेणार?" काकूंनी चमच्याने पातेल्याचा काठ निपटला. "चाळिसेक दिवस होत आले आता. आपल्या घरातून खाली एक दाणा गेलेला नाही. सगळ्या इमारतीत नाही जमलं कोणाला."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट शर्यतीत पुढे असलेल्या माणसाची चमक होती, आणि सुनेला नेमकं तेच बघवेना. दीड वर्ष ती या घरात होती. रात्री सगळे जेवायला बसले की काकू वाढत राहायच्या आणि म्हणायच्या, मला भूक नाही, माझं झालंय. सुनेला वाटायचं, वय झालं की खाणं कमी होतंच. आपण लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघतो आणि घरातलं एवढं दिसलं नाही, या विचाराने तिला स्वतःचाच राग आला.

"हे रोजचं आहे?"

"उरतं तेव्हा."

"आणि उरतं कधी?"

 काकूंनी पातेलं नळाखाली धरलं आणि पाणी जरा जास्तच जोरात सोडलं.

"त्यांना सांगायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी एवढे खुशीत आहेत. तुला माझी शपथ."

शपथ घातली म्हटल्यावर सुनेचं तोंड बंद झालं. पण तोंड बंद झालं म्हणून डोकं बंद होत नाही. संध्याकाळी सासरे गॅलरीत बसून पितळी वजन चिंचेने घासत होते तेव्हा ती चहाचे दोन कप घेऊन तिथे गेली.

"बाबा, तुमच्या कामातलं एक विचारू?"

"विचार ना!" कामातलं म्हटल्यावर साहेबांनी वजन बाजूला ठेवलं.

"आमच्या लॅबमध्ये रोज एका नमुन्याचा अगदी सारखा आकडा यायला लागला तर आम्ही यंत्र बंद करून तपासतो. तुमच्याकडे कसं असायचं? समजा एखाद्या दुकानात सहा आठवडे रोज गेलात, आणि रोज सुई एकाच आकड्यावर. एक रेघ इकडे नाही, एक रेघ तिकडे नाही."

"खोटं आहे," साहेब ताबडतोब म्हणाले. "डोळे झाकून सांगतो. घर म्हणा, दुकान म्हणा, माणसांच्या हातचं काम आहे ते. कधी इकडे होणार, कधी तिकडे. सहा आठवडे एकच आकडा असेल तर सरळ वाकायचं आणि बघायचं, खाली कोण आहे."

"तेच म्हटलं," सून म्हणाली आणि चहा न पिताच आत गेली.

काटेसाहेबांनी वजन पुन्हा उचललं. थोडा वेळ ते चिंचेचा कोळ नुसताच बोटांनी चोळत राहिले. मग त्यांची नजर गॅलरीच्या कोपऱ्यात उपडी घालून ठेवलेल्या हिरव्या बादलीवर गेली. बादली कोरडी होती. इतर घरांच्या बादल्यांना विसळून विसळूनही वास राहिला होता. यांच्या बादलीला नव्या प्लास्टिकचा वास येत होता.

अचानक तपासणीला जायचं तर आधी कळवायचं नाही आणि बूट वाजवायचे नाहीत, हे साहेबांना कोणी शिकवायला नको होतं. गुरुवारी वजनं उरकल्यावर ते नेहमीसारखे फाटकापाशी गप्पा मारत थांबले, अकराच्या सुमाराला वर आले, शेवटच्या पायरीवर चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता आपल्या किल्लीने दार उघडलं.

काकू ओट्याशी उभ्या होत्या.

साहेब स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्यांना पाठ दिसत होती, घास घेताना किंचित वर होणारे खांदे दिसत होते, पाण्याचा पेला दिसत होता. त्या पेल्याशिवाय एकही घास खाली उतरत नव्हता. पातेलं निपटून झालं. मग काकूंनी ताज्या भाजीवरचं झाकण उचललं, वास घेतला, समाधानाने मान हलवली आणि झाकण परत ठेवलं. त्यातलं एक चमचाभरही त्यांनी घेतलं नाही.

साहेब तसेच मागे सरकले, बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना शरम वाटत होती. कान तापले होते. चौतीस वर्षांत किती दुकानांत किती वेळा वाकलो, आणि स्वतःच्या घरात एकदाही वाकावंसं वाटलं नाही. घरात शिस्त आहे म्हणून सांगत होतो. त्यांना रद्दीवाल्याचा भाऊ आठवला, त्याचे सरळ न होणारे पाय आठवले, आणि तो किस्सा सांगून आपण लोकांना कसं हसवलं होतं तेही आठवलं. चपला हातात आहेत हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

संध्याकाळी ते वजनकाटा उचलून तीन मजले चढवून घरात घेऊन आले. दम लागला होता. काटा त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला, खाली कागदाची घडी घालून समपातळीत आणला आणि चारही कोपऱ्यांवर वजन लावून पाहिलं.

काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "हा इथे कशाला आणलात?"

"तपासणी."

"कोणाची?"

"भात किती लावतेस, घाल पारड्यात."

"चाळीस वर्षं लावतेय. आता तपासणी?"

"घाल तर खरं."

काकूंनी डब्यातले तांदूळ मुठींनी पारड्यात टाकले. सुई हलली, पुढेमागे झाली आणि सहाशेवर बसली.

"सहाशे," साहेब म्हणाले. "चार माणसांना. त्यात आपले चिरंजीव आठवड्यातले चार दिवस कोणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टच्या दुरुस्तीवरच जेवतात. चारशेच्या वर लागतातच कशाला?"

"लागत नाहीत. मला का कळत नाही?"

"मग?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, अगदी साध्या आश्चर्याने.

"तुमचंच म्हणणं आहे ना, पातेल्याचा तळ दिसता कामा नये. घर रिकामं वाटतं."

"मी? कधी म्हणालो?"

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. तुमचे ऑफिसातले मित्र जेवायला आले होते आणि भात संपला. ते गेल्यावर म्हणालात."

साहेब आठवू लागले. मित्राचा चेहराही आठवेना. "अगं, म्हणालो असेन एकदा."

"एकदाच म्हणालात," काकू म्हणाल्या. "मला एकदा पुरतं."

स्वयंपाकघराच्या दारात सून येऊन उभी राहिली होती.  साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि कालचा प्रश्न कुठून आला होता ते त्यांना आता पुरतं समजलं. भरलेलं पातेलं त्यांनी मागितलं होतं, रिकामी बादलीही त्यांनीच मागितली होती, आणि या दोन्हींच्या मधे रोज सकाळी अकरा वाजता कोण उभं राहत होतं हे विचारलं नव्हतं.

"काटा लावायचा तो इथे," ते सावकाश म्हणाले. "शिजवायच्या आधी. मी फाटकापाशी लावून बसलो."

"म्हणजे आता रोज मोजूनमापून भात लावायचा का मी?" काकू उसळल्या. "माझ्या हाताला माप शिकवू नका हं. किती पाहिजे ते तोंडाने सांगा."

"चारशे."

काकूंनी पारडं रिकामं केलं. पुन्हा डब्यात हात घातला, तबकडीकडे न बघता, सुनेकडे बघत बघत मुठी टाकल्या, शेवटची मूठ अर्धी उघडली आणि हात झटकला.

सुई थरथरली आणि बसली. तीनशे अठ्ठ्याण्णव.

साहेब वाकून बघत राहिले. त्यांनी तांदूळ काढायला लावले आणि पुन्हा टाकायला लावले. चारशे दोन. तिसऱ्यांदा बरोबर चारशे. खात्यात असतो तर या मुठीवर शिक्का मारला असता, असं त्यांना वाटलं आणि ते मोठ्याने बोलूनही दाखवलं. काकू "काहीतरीच" म्हणाल्या, पण चौथ्यांदा टाकायची तयारी त्यांनी न सांगताच केली होती.

त्या दिवशीचा उरलेला भात चौघांच्या ताटांत सारखा वाढला गेला. मुलालाही बापाने फोन करून बोलावून घेतलं होतं. तो हात धुता धुता म्हणाला, "उद्यापासून मी पाचच्या आत कळवीन, जेवायला आहे की नाही." एवढं साधं वाक्य इतकी वर्षं कोणालाच का सुचलं नाही, याचं सुनेला नवल वाटलं. शुक्रवारी पातेल्याचा तळ दिसला. साहेबांनी तो मुद्दाम वाकून पाहिला आणि घर काही रिकामं वाटलं नाही. शुक्रवारचीही बादली रिकामी, शनिवारचीही. सुनेने हिशेब करून सांगितलं की आता या रिकाम्या बादल्या खऱ्या आहेत.

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी एक नवीन हुकूम काढला. आज सगळ्यांनी एकदम बसायचं आणि पहिलं ताट काकूंचं. काकूंनी पुष्कळ आढेवेढे घेतले, वाढणार कोण म्हणून विचारलं, मी म्हणून साहेबांनी सांगितलं. त्यांनी वाढलं ते काही फार शोभिवंत नव्हतं. भात मधोमध यायचा तो डावीकडे गेला, कोबीची भाजी मात्र त्यांनी डाव भरून घातली. कोबी साहेबांचा जीव की प्राण, आठवड्यातून दोनदा तरी लागायचाच.

काकू आधी अवघडून बसल्या. गरम घास तोंडात गेला तशा सैलावल्या. मुलगा कोणत्याशा हॉस्पिटलच्या लिफ्टचा किस्सा सांगू लागला, त्यात त्याही हसल्या, आणि बोलता बोलता त्यांचं ताट संपत आलं. फक्त एका कडेला कोबी होता. बोटांनी नीट गोळा करून सरकवून ठेवलेला.

"कोबी राहिला," साहेब म्हणाले.

"खाते ना." काकूंनी पाण्याचा पेला जवळ ओढला.

तो पेला साहेबांनी गुरुवारी पाहिला होता. त्यांनी हात पुढे केला आणि पेल्यावर ठेवला.

"तुला कोबी आवडत नाही?"

काकूंनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाल्या, "नाही."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

मुलाला ठसका लागला. सून त्याच्या पाठीवर थोपटायला उठली, त्यामुळे तिला तोंड फिरवता आलं. काटेसाहेब मात्र ताटाकडे बघत बसले होते. चाळीस वर्षं, आठवड्यातून दोनदा. गणितात ते पक्के होते, पण तो गुणाकार त्यांनी पुरा केला नाही.

"बोलली का नाहीस कधी?"

"कोणी विचारलं?" काकूंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या चमचा घेऊन कोबीकडे वळल्या. "जाऊ दे, संपवते. उद्या शेवटचं वजन आहे."

"राहू दे."

"अहो, सहा आठवड्यांची मेहनत आहे. पाटी जाईल."

"राहू दे म्हणतो ना."

ते उठले, गॅलरीतून हिरवी बादली घेऊन आले, आणि काकूंच्या ताटातला कोबी त्यांनी स्वतःच्या हाताने बादलीत टाकला. झाकण लावलं. मग बसले आणि आपला भात जेवू लागले.

रविवारी सकाळी फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. शेवटचा दिवस म्हणून ज्यांच्या घरची एरवी एकटी बादली खाली यायची त्यांच्या घरची सगळी माणसं आली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी फळा धुऊन आकडे नव्याने काढले होते, रंगीत खडूने कड आखली होती. बाईंच्या घराचे आकडे लहानच होते, पण पाच शून्यांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं, आणि हार मानावी लागली तर ती हसतमुखाने मानायची अशी तयारी त्या करून आल्या होत्या.

काटेसाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सात बादल्या झाल्या. शेवटी त्यांनी आपली बादली उचलून पारड्यात ठेवली.

सुई हलली. पुढे गेली, मागे आली, थरथरली. चारशे वीसवर बसली.

"एकशे दहा," काटेसाहेबांनी सांगितलं. आवाज रोजच्यासारखाच होता, जरासा मोठा.

लोक वाकून सुईकडे बघू लागले. मग शिंपी म्हणाले, "साहेब, काटा बिघडला वाटतं."

साहेबांनी बादली उतरवली. खिशातून अर्ध्या किलोचं वजन काढलं आणि सगळ्यांच्या देखत पारड्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून दाखवलं. सुई चारही वेळा एकाच रेघेवर आली.

"काटा चोख आहे," ते म्हणाले. मग फळ्यापाशी गेले, डस्टर उचललं आणि आपल्या घरापुढची पाचही शून्यं पुसून टाकली.

"अहो, अहो! हे काय करताय?" बाई पुढे धावल्या. "एका दिवसाने काय होतंय? तरीसुद्धा तुमचाच पहिला नंबर येतो!"

"ती मापं रद्द."

"रद्द? कशासाठी?"

"काट्याखाली माणूस होता."

शिंपी हसायला लागले आणि मधेच थांबले.  साहेबांची नजर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे गेली. काकू तिथे ओले कपडे झटकून दोरीवर टाकत होत्या, खाली काय चाललंय ते बघायचंही होतं आणि बघतोय असं दाखवायचं नव्हतं. बाईंनीही वर पाहिलं. मग त्यांनी फळ्यावरच्या स्वतःच्या घराच्या आकड्यांकडे पाहिलं आणि खडू थोडा वेळ नुसताच हातात धरून ठेवला.

"मापात चूक तिची नव्हती," साहेब म्हणाले. "तिच्या मुठीचं माप माझ्या काट्याच्या तोडीचं आहे, मी स्वतः तपासलंय. चूक निरीक्षकाची." त्यांनी खिशातले दोन स्क्रू काढून बाईंच्या तळहातावर ठेवले. "पाटी बसवायला लागतील. भोकं मी पाडून देईन."

शिंप्यांना अजून राहवत नव्हतं. त्यांनी बादलीच्या झाकणाकडे बोट केलं.

"ते सगळं ठीक, साहेब. पण आज आहे काय एवढं बादलीत?"

काटेसाहेबांनी बादली हातात घेतली. गेले सहा आठवडे रिकामी बादली वर नेताना ते जसे ताठ असायचे त्याहून अधिक ताठ उभे राहिले, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"कोबी. आमच्या हिला आवडत नाही."

"अहो!" वरून आवाज आला. "सगळ्या इमारतीला सांगायचं काही अडलं होतं का?"

"अडलं होतं," साहेब म्हणाले, पण ते शिंप्यांनाच ऐकू गेलं. मग त्यांनी बाईंच्या हातातला खडू मागून घेतला आणि आपल्या घरापुढच्या मोकळ्या जागेत एकशे दहाचा आकडा काढला. बाकीच्या आकड्यांपेक्षा तो जरा मोठाच आला होता. बाईंनी तो तसाच राहू दिला.